न झालेल्या कायद्यांचा आमदार

१९१० साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात जॉन कूलिज नावाचे एक खेड्यातले गृहस्थ राज्याच्या सिनेटवर निवडून आले. शेती, किराणा दुकान आणि गावकीची कामे यांत त्यांचा जन्म गेला होता. मुलगा शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वकिली करायचा. दोन वर्षे आमदारकी करून तो आता नॉर्दम्प्टन गावचा नगराध्यक्ष झाला होता. त्याने वडिलांना पत्र लिहिले. त्यातल्या सल्ल्याचा मथितार्थ असा : चांगली विधेयके मंजूर करून घेण्यापेक्षा वाईट विधेयके पाडणे कितीतरी महत्त्वाचे.

हा मुलगा म्हणजे कॅल्विन कूलिज. पुढे १९२३ ते १९२९ या काळात ते अमेरिकेचे तिसावे राष्ट्राध्यक्ष होते. 'सायलेंट कॅल' या टोपणनावाने आणि त्यांच्या अबोलपणाच्या खऱ्याखोट्या किश्शांनी लोक त्यांना ओळखतात. राष्ट्राध्यक्षपदाची वर्षे चरित्रकारांनी पुरेशी पिंजून काढली आहेत. मला रस आहे तो त्याआधीच्या, बॉस्टनच्या स्टेट हाउसमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात, काढलेल्या वर्षांत. दोन वर्षे खालच्या सभागृहात, चार वर्षे वरच्या, आणि त्यातली शेवटची दोन वरच्या सभागृहाचे अध्यक्ष म्हणून. परंपरावादी राजकारणी कसा घडतो हे पाहायला इतकी सोयीची कारकीर्द क्वचित सापडते. कारण या माणसाच्या नावावर सांगण्यासारखा मोठा कायदा जवळजवळ नाहीच, आणि तरीही तो दर पायरीवर पुढे सरकत राहिला.

आमदाराचे मोजमाप आपण त्याने काय आणले यावर करतो : रस्ता, पूल, योजना, कायदा. त्याने काय थांबवले हे कुणी विचारत नाही. विचारले तरी दाखवणार काय? न झालेल्या कायद्याचे उद्घाटन होत नाही आणि त्याची कोनशिलाही बसत नाही.

मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र थांबवणे हे खरोखरच रोजचे काम होते, आणि त्यामागे तिथली व्यवस्था आहे. त्या विधिमंडळाचे नाव 'जनरल कोर्ट'. वसाहतीच्या काळापासून चालत आलेले नाव, न्यायालयाशी आता त्याचा काही संबंध नाही. त्या वेळी खालच्या सभागृहात २४० सदस्य, सिनेटमध्ये ४०. निवडणूक दर वर्षी, गव्हर्नरचीसुद्धा. म्हणजे जानेवारीत शपथ घ्यायची, उन्हाळ्यापर्यंत अधिवेशन, आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा मतदारांच्या दारात. त्यात आणखी एक जुनी रीत : कुठलाही नागरिक अर्ज करून आपल्या आमदाराकरवी विधेयक दाखल करू शकतो. समितीने त्यावर जाहीर सुनावणी घ्यायची आणि अहवाल द्यायचा. विधेयक परस्पर बासनात गुंडाळून ठेवायची सोय नाही. आपल्या संसदेत खासदाराने मांडलेले खासगी विधेयक १९७० नंतर एकदाही मंजूर झालेले नाही. तिथे वाटेवरच्या माणसाचे विधेयकही ऐकून घ्यावे लागते. लोकशाहीच्या दृष्टीने ही रीत देखणी आहे, पण समितीतल्या आमदाराचे कंबरडे मोडणारी. कुत्र्यांच्या परवान्यापासून रेल्वेच्या भांडवलापर्यंत सगळे त्याच टेबलावर येते. अशा ठिकाणी नीट वाचून 'नको' म्हणणारा माणूस सगळ्यांनाच हवा असतो, विरोधकांनाही.

या स्टेट हाउसमध्ये कूलिज १९०७ च्या जानेवारीत दाखल झाले. सोनेरी घुमटाची इमारत, आणि खालच्या सभागृहात छताला टांगलेला लाकडी कॉड मासा, जवळजवळ पाच फुटांचा. कॉडच्या मासेमारीवर हे राज्य उभे राहिले, त्याची ती खूण. नव्या आमदाराच्या खिशात ओळखीची एक चिठ्ठी होती. नॉर्दम्प्टनच्या एका ज्येष्ठ राजकारण्याने सभागृहाच्या स्पीकरना लिहिले होते की हा माणूस आगीत होरपळलेल्या मांजरासारखा आहे, दिसतो त्यापेक्षा बरा आहे. शिफारस म्हणावी की टवाळी, कळत नाही. पण ती खोटी नव्हती. सडपातळ, लालसर केसांचे, नाकात बोलणारे, हस्तांदोलन करून लगेच गप्प होणारे कूलिज पहिल्या भेटीत कुणावरही छाप पाडत नसत.

बॉस्टनमध्ये ते 'ॲडम्स हाउस' या हॉटेलात राहत. रोज एक डॉलर भाड्याची, आतल्या बाजूची खोली. पत्नी ग्रेस आणि तान्हा मुलगा नॉर्दम्प्टनला, भाड्याच्या अर्ध्या घरात. आठवड्याअखेर आगगाडीने घरी, सोमवारी परत. हे अर्धे घर त्यांनी गव्हर्नर झाल्यावरही सोडले नाही. बॉस्टनमध्येही बढतीबरोबर फरक पडला तो एवढाच की एका खोलीच्या दोन झाल्या. सरकारी पैशाच्या बाबतीत हा माणूस पुढे जो चिकटपणा दाखवतो, तो आधी स्वतःच्या खिशाशी दाखवलेला आहे. उपदेश करणाऱ्यांच्या बाबतीत हे तपासून घेतलेले बरे.

आता गंमत अशी की त्या पहिल्या दोन वर्षांत कूलिज परंपरावादी म्हणून ओळखलेच जात नव्हते. पक्ष रिपब्लिकन, पण त्यातल्या सुधारक गटातले म्हणून त्यांची गणना होई. स्त्रियांना मताधिकार द्यावा, या बाजूने त्यांनी मत दिले. अमेरिकेच्या केंद्रीय सिनेटवरचे सदस्य तेव्हा राज्यांची विधिमंडळे निवडत. ते थेट लोकांनी निवडावेत, यालाही त्यांनी पाठिंबा दिला. मोठ्या कंपनीने एखाद्या गावात मुद्दाम भाव पाडून छोट्या व्यापाऱ्याला बुडवू नये, अशा विधेयकासाठी ते झटले. खालच्या सभागृहात ते संमत झाले आणि वर जाऊन बारगळले. म्हणजे बदल नको, असा त्यांचा सरसकट बाणा कधीच नव्हता. प्रत्येक बदलाला तो काय म्हणून हवा हे विचारायची सवय होती, आणि ही सवय वयाबरोबर घट्ट होत गेली.

नॉर्दम्प्टनमध्ये त्यांचा बसण्याचा एक अड्डा होता : जेम्स ल्यूसी नावाच्या आयरिश चांभाराचे दुकान. ल्यूसी चामडे शिवत बोलत असायचे, कूलिज बाकावर बसून ऐकत असायचे. आयरिश कॅथलिक मतदार म्हणजे डेमोक्रॅट पक्षाची हक्काची मते, पण कूलिजना त्यांतली बरीच पडत. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी ल्यूसींना पत्र लिहून आपण इथवर आलो ते तुमच्यामुळे, असे कळवले. मतदारांनी त्यांना आयुष्यात एकदाच पाडले, तेही १९०५ साली गावच्या शाळा समितीच्या निवडणुकीत. एक शेजारी म्हणाला म्हणे, तुमचे मूल शाळेत नाही म्हणून मी तुम्हाला मत दिले नाही. लग्नाला जेमतेम दोन महिने झालेल्या कूलिजनी उत्तर दिले, थोडा वेळ तरी द्यायचा होतात. हे सगळे किस्से जसेच्या तसे खरे असतील असे नाही, पण त्यांच्या बोलण्याची धाटणी अशीच होती.

१९१२ च्या जानेवारीत ते सिनेटमध्ये आले, आणि आल्या आल्या लॉरेन्स या गिरण्यांच्या शहरातल्या संपाशी गाठ पडली. या संपाचे मूळ एका कायद्यात होते, आणि तोही कामगारांच्या भल्यासाठी केलेल्या. बायका आणि अल्पवयीन मुलांकडून गिरण्यांनी आठवड्याला ५६ ऐवजी ५४ तासच काम घ्यावे, असा नियम १ जानेवारी १९१२ पासून लागू झाला. त्यांच्याशिवाय पुरुषांचे काम चालणार नव्हते, म्हणून सगळ्यांचेच तास घटले. मालकांनी हिशेब सरळ केला : तास दोन कमी, तर पगारही तेवढा कमी. कायद्यात पगाराबद्दल अक्षर नव्हते. ११ तारखेला एका गिरणीतल्या पोलिश बायकांनी पगाराची पाकिटे उघडली. साधारण ३२ सेंट कमी भरले होते. ३२ सेंट म्हणजे काही पाव. आठ-नऊ डॉलरांत आठवडा काढणाऱ्या घरात तेवढ्याने चूल अडते. बायका माग बंद करून बाहेर पडल्या आणि दुसऱ्या दिवसापासून लोण शहरभर पसरले. वीस हजारांहून जास्त कामगार, दोन डझनांहून अधिक देशांतून आलेले, एकमेकांची भाषा न समजणारे, एकत्र रस्त्यावर आले. मुंबईचे गिरणी संप ज्यांना माहीत आहेत त्यांना पुढचे चित्र वेगळे सांगायला नको : मोर्चे, लष्करी तुकड्या, धरपकड. उपासमार टाळायला संपकऱ्यांनी आपली मुले न्यूयॉर्कला सहानुभूतीदारांकडे पाठवायला सुरुवात केली. २४ फेब्रुवारीला रेल्वे स्थानकावर पोलिसांनी आया आणि मुलांवर लाठ्या चालवल्या, तेव्हा देशभर बोभाटा झाला आणि वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसच्या समितीपुढे सुनावण्या सुरू झाल्या.

गिरणी कंपनी आणि संपकरी यांच्यात समेट घडवण्यासाठी विधिमंडळाने नेमलेल्या संयुक्त समितीचे अध्यक्ष होते कूलिज. संपाचे पुढारी त्यांना मुळीच आवडत नव्हते. हे लोक पगारासाठी नाही तर सगळी सत्ताच उलथण्यासाठी निघाले आहेत, अशा अर्थाचे त्यांनी घरी लिहिले आहे. तरीही त्यांनी बैठका घेतल्या, दोन्ही बाजू ऐकल्या. मार्चच्या मध्यावर कंपनीने ५ टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत आणि काहींना त्याहूनही जास्त वाढ मान्य केली. सर्वांत कमी मिळवणाऱ्यांना सर्वांत जास्त. याचे श्रेय समितीपेक्षा संपकऱ्यांच्या चिकाटीला आणि वॉशिंग्टनमधून आलेल्या दबावाला द्यावे, असे मला वाटते. पण त्या संपात एक धडा असा उघडावागडा पडला होता की तो कुठल्याही आमदाराला दिसावा. हेतू चांगला असलेल्या कायद्यात एक कलम राहून गेले, आणि ज्यांच्यासाठी तो केला त्यांच्याच ताटातला पाव गेला. विधेयक पाडणे महत्त्वाचे म्हणणाऱ्या माणसाला यातून काय दिसले असेल, याचा अंदाज बांधणे अवघड नाही. तो कायदा नीट लिहायला हवा होता, असेही दिसले असेल. पुढे गव्हर्नर झाल्यावर १९१९ मध्ये बायका आणि मुलांचे तास ५४ वरून ४८ वर आणणाऱ्या कायद्यावर सही केली ती याच कूलिजनी.

दुसऱ्या वर्षी ते रेल्वे समितीचे अध्यक्ष झाले. राज्याच्या डोंगराळ पश्चिम भागात ट्रॉलीचे रूळ न्यायचे विधेयक त्यांनी तडीस नेले. गव्हर्नर फॉस यांनी नकाराधिकार वापरला, तर विधिमंडळाने तो फेटाळून विधेयक कायम केले. कूलिजच्या नावाशी जोडता येईल असा हा एक कायदा. तोही आपल्या भागाला गाडी मिळावी म्हणून. इथे सगळे आमदार सारखेच.

१९१३ च्या नोव्हेंबरमधली घटना राजकारणातल्या कौशल्याचा नमुना म्हणून सांगावी लागते. सिनेटचे अध्यक्ष लिव्हाय ग्रीनवुड हे मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांचे कट्टर विरोधक. त्या स्त्रियांनी त्यांच्या मतदारसंघात जोरदार प्रचार केला आणि ग्रीनवुड पडले. कूलिजनी दुखवट्यात वेळ घालवला नाही. लगेच बॉस्टन गाठले, ज्येष्ठ पुढारी मरे क्रेन यांचे बळ घेतले आणि बाकीचे इच्छुक सावध होण्याआधी सदस्यांचा पाठिंबा गोळा करून मोकळे झाले. ज्या माणसाला लोक घुमा समजत, त्याने न बोलता बाजी मारली. सिनेटचा अध्यक्ष म्हणजे नुसता खुर्चीवरचा माणूस नव्हे. कुठल्या समितीवर कोण बसणार, कोण अध्यक्ष होणार, हे तो ठरवतो. गव्हर्नर त्या वर्षी डेमोक्रॅट डेव्हिड वॉल्श झाले, त्यामुळे राज्यातल्या रिपब्लिकनांत सर्वांत वजनदार पद आता कूलिजचे होते.

७ जानेवारी १९१४ ला खुर्चीवर बसताना त्यांनी जे भाषण केले, ते पुढे 'हॅव फेथ इन मॅसॅच्युसेट्स' या नावाने गाजले. त्या काळाची हवा लक्षात घ्यायला हवी. थिओडोर रूझवेल्ट १९१२ मध्ये पक्ष फोडून बाहेर पडले होते, राष्ट्राध्यक्षपद डेमोक्रॅट विल्सन यांच्याकडे गेले होते, आणि जिकडे तिकडे नवे कायदे, नवी मंडळे, नवे आयोग यांची घाई होती. या गर्दीत कूलिज म्हणाले की कायदे माणूस बनवत नाही, तो फक्त शोधून काढतो. नवे कायदे करण्याची घाई करू नका, प्रशासनाला आधीच्या कायद्यांपर्यंत पोहोचू द्या. बलवानाला खाली ओढून दुबळा वर येत नाही. पण त्याच श्वासात हेही सांगितले की दुबळ्याचा हक्क राखायचा असेल तर कोणी काहीही म्हणो, तो राखा, आणि मोठ्या कंपनीला लोकांची सेवा नीट करता यावी म्हणून मदत करायची असेल तर तीही बेधडक करा. लोक तुम्हाला जागचे न हलणारे म्हणतील, लोकानुनयी म्हणतील, दोन्ही ऐकून घ्या आणि दोन्हींपैकी काही होऊ नका.

भाषणातले तत्त्वज्ञान थोडे धूसर आहे. कायदा शोधून काढतात म्हणजे नेमके काय, आणि ५४ तास की ५२ हे निसर्गात कुठे कोरलेले सापडते, असा प्रश्न लॉरेन्सची विणकर बाई विचारू शकली असती. पण प्रशासनाला पोहोचू द्या, हा भाग मात्र कुठल्याही सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसाला तत्काळ पटेल. जुन्या परिपत्रकाची शाई वाळण्याआधी नवे येते, आणि टेबलामागचा कारकून दोन्ही जपून ठेवून तिसऱ्याची वाट पाहतो.

बोलण्याप्रमाणे वागणेही झाले. दर वर्षी मंजूर झालेल्या कायद्यांचा जाडजूड ग्रंथ निघे. आपल्या अध्यक्षपदाच्या काळात तो बारीक होत गेला, हे कूलिजनी आत्मचरित्रात समाधानाने नोंदवले आहे. १९१५ मध्ये सिनेटने त्यांना पुन्हा अध्यक्ष निवडले तेव्हाचे भाषण इंग्रजीत फक्त ४४ शब्दांचे आहे. आभार मानले, संस्थांचा पाया जपा म्हणून सांगितले, सैनिकाच्या वृत्तीने काम करा म्हणाले, आणि शेवटी थोडक्यात बोला, मुख्य म्हणजे थोडक्यात बोला, अशी विनंती केली. सिनेटरांना ते इतके आवडले की त्या दिवशीचे कामकाज लवकर आटोपले असेल, असे समजायला हरकत नाही.

पुढची चढण वेगाने झाली. १९१६ पासून तीन वर्षे लेफ्टनंट गव्हर्नर, १९१९ मध्ये गव्हर्नर. त्याच सप्टेंबरमध्ये बॉस्टनच्या १,५४४ पोलिसांपैकी १,११७ जण संपावर गेले. शहरात दंगल आणि लूटमार झाली. कूलिज आधी गप्प राहिले, टीकाकारांच्या मते फार काळ गप्प राहिले, आणि मग सार्वजनिक सुरक्षेविरुद्ध संप करण्याचा हक्क कोणालाही, कुठेही, कधीही नाही, अशी तार कामगार पुढारी गॉम्पर्स यांना केली. त्या एका वाक्याने ते देशभर पोहोचले. १९१८ मध्ये सतरा हजारांहून कमी मतांनी निवडून आलेला गव्हर्नर १९१९ मध्ये सव्वा लाखाच्या फरकाने निवडून आला. त्या संपातल्या पोलिसांना मात्र नोकरी परत मिळाली नाही. त्यांचे पगार आणि कामाचे तास किती वाईट होते, हे सगळ्यांना मान्य होते. नव्या भरतीला चांगला पगार दिला गेला.

त्याच वर्षी आमदारांनी स्वतःचा भत्ता दीडपट करण्याचे विधेयक मंजूर केले. कूलिजनी ते नाकारले. आमदारकी ही सक्ती नसून आवडीने पत्करलेली सेवा आहे, असे कारण दिले. ॲडम्स हाउसच्या खोलीत राहिलेल्या माणसाला असे म्हणण्याचा अधिकार होता. पण घरचे दुकान किंवा वकिली नसलेल्या गरीब आमदाराने डॉलरच्या खोलीचे पैसे तरी कुठून आणायचे, याचे उत्तर त्यात नाही.

राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनी ५० विधेयकांना नकार दिला, आणि त्यातले फक्त चार काँग्रेसने उलटवले. सर्वांत वादग्रस्त होते शेतमालाचे. महायुद्ध संपल्यावर धान्याचे भाव कोसळले होते. सरकारने जादा पीक ठरलेल्या भावाने विकत घेऊन परदेशात स्वस्तात विकावे, असे मॅकनरी-हॉगन विधेयक सांगत होते. कूलिजनी ते १९२७ आणि १९२८ असे दोनदा फेटाळले. हमीभावाने पीक आणखी वाढेल आणि सरकारचा हात कायमचा अडकेल, हा त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. आपल्याकडे हा वाद अजून मिटलेला नाही. पण फेटाळल्यानंतर शेतकऱ्याचे काय, यावर त्यांच्याकडे सहकारी संस्थांना प्रोत्साहन याखेरीज फारसे काही नव्हते. शेतकरी दशकभर कर्जात रुतत गेला आणि १९२९ नंतर सगळाच डोलारा कोसळला. विधेयक पाडले की त्यामागची अडचण पडत नाही, ही या पद्धतीची मर्यादा. मॅसॅच्युसेट्सच्या सिनेटमध्ये ती झाकली जायची, कारण तिथे पुढच्या जानेवारीत तोच अर्ज घेऊन तोच माणूस पुन्हा समितीपुढे यायचा.

१९८१ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी व्हाइट हाउसच्या कॅबिनेट रूममध्ये ट्रुमन यांची तसबीर काढून कूलिज यांची लावली, आणि परंपरावाद्यांच्या नव्या पिढीला आपला पूर्वज सापडला. त्या पिढीची राज्यांतली कामाची पद्धत मात्र उलट्या दिशेची आहे. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या 'अमेरिकन लेजिस्लेटिव्ह एक्स्चेंज कौन्सिल' या संस्थेत परंपरावादी आमदार आणि कंपन्यांचे प्रतिनिधी एकत्र बसून नमुना विधेयके तयार करतात. मग तेच मसुदे, कधी शब्दही न बदलता, एकामागून एका राज्यात मांडले जातात, आणि मतदारांपुढे जाताना किती मंजूर करून घेतली याची यादी छापली जाते.